आकाशाच्या माळ्यावर सतरा तास

२७ मे १९३१ ची पहाट. जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग गावाबाहेर एक अवाढव्य बलून दोरांना हिसके देत उभा होता. अवाढव्य म्हणायचा, पण बघणाऱ्याला त्याची कीवच यावी. १४,००० घनमीटर वायू मावेल एवढ्या त्या कापडी पिशवीत हायड्रोजन भरला होता तो जेमतेम पाचव्या हिश्शाइतका. वरचे टोक तेवढे फुगलेले आणि खाली सुरकुतलेल्या कापडाची लांबलचक शेपटी. त्या शेपटीच्या तळाशी सात फूट व्यासाचा ॲल्युमिनियमचा एक गोळा टांगलेला. अर्धा काळा, अर्धा पांढरा. त्याला छोट्या गोल खिडक्या आणि माणूस वाकून आत शिरेल एवढी दारे.

या गोळ्यात दोन माणसे शिरली. एक होते ब्रसेल्स विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ऑगस्त पिकार. वय ४७, सहा फुटांहून कितीतरी उंच, सडपातळ, मान लांब, कपाळ मोठे आणि केस चहूबाजूंनी उडालेले. दुसरे त्यांचे तरुण सहायक पॉल किप्फर. डोक्याला मार लागू नये म्हणून दोघांकडे शिरस्त्राणे होती, ती कसली? वेताच्या टोपल्या उलट्या करून आत उशी बसवलेल्या! त्या टोपल्या घातलेल्या दोघांचे छायाचित्र पुढे जगभर गाजले. बाजारातून दुरड्या विकत आणाव्यात आणि त्या घालून अंतराळाच्या उंबरठ्यावर जावे, असा हा प्रकार होता.

दारे बंद झाली. निघण्याचा इशारा मिळेल म्हणून आत दोघे वाट पाहत होते. तेवढ्यात किप्फरने सहज खिडकीतून पाहिले तर कारखान्याचे एक धुराडे खाली खाली जाताना दिसले. धुराडी काही जमिनीत शिरत नाहीत. बलून सुटला होता, आणि ज्यांना घेऊन सुटला त्यांनाच कुणी सांगितले नव्हते.

अपशकुन इथेच संपले असते तर ठीक होते. उड्डाणापूर्वी वाऱ्याच्या झोताने तो गोळा आपल्या बैठकीवरून घसरला होता आणि किंचित चेपला होता. एका उपकरणासाठी त्याला जे भोक ठेवलेले होते, त्यात बसवायची नळी त्यामुळे नीट बसेना. बलून चार हजार मीटरवर पोहोचला तेव्हा पिकार यांच्या ध्यानात आले की आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर उतरतो आहे. म्हणजे आतली हवा बाहेर चालली होती. शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. वर जाण्याचा वेग तर असा की थोड्याच मिनिटांत बाहेर श्वास घेण्याजोगे काही उरणार नव्हते.

प्राध्यापकमहाशयांनी मग जे केले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. नळाच्या आट्यांवर प्लंबर जसे सूत गुंडाळतो, तसल्या तंतूंमध्ये व्हॅसलीन मळून त्यांनी ते त्या फटीत ठासायला सुरुवात केली. एक थर बसवला की दुसरा. शिट्टी मंदावत गेली आणि अखेर थांबली. मग गेलेली हवा भरून काढण्यासाठी बरोबरचा थोडा द्रवरूप प्राणवायू त्यांनी सरळ जमिनीवर ओतला. तो उकळून वायू झाला आणि दाब पुन्हा चढला.

ही गोष्ट ऐकताना हसू येते, पण तिचे गांभीर्य कळायला चाळीस वर्षे पुढे जावे लागेल. जून १९७१ मध्ये सोयूझ-११ या रशियन यानातून पृथ्वीवर परतणारे तीन अंतराळवीर आसनांवर बसल्या जागी मरण पावलेले सापडले. एक छोटी झडप अवेळी उघडली होती आणि यानातली हवा निघून गेली होती. बाकी सारे यान ठणठणीत होते.

जुळ्याचे दुखणे नव्हे, जुळ्याचे वेड

ऑगस्त पिकार यांचा जन्म स्वित्झर्लंडमधल्या बाझल या शहरात २८ जानेवारी १८८४ रोजी झाला, आणि एकट्याचा झाला नाही. बरोबर जुळा भाऊ होता, जाँ. दोघांत इतके साम्य की ओळखीचेही फसावेत. त्यांची एक गोष्ट सांगतात. एक भाऊ न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतो आणि वर बजावतो की माझे केस फार लवकर वाढतात, पुन्हा वाढले तर पैसे देणार नाही. न्हावी हसून मान डोलावतो. थोड्या वेळाने दुसरा भाऊ वाढलेल्या केसांनिशी दुकानात हजर! ही गोष्ट खरी असो वा रचलेली, ती या दोघांना शोभते खरी.

वडील बाझल विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुले झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात शिकली. ऑगस्त यांनी यंत्रविद्या घेतली, जाँ यांनी रसायनशास्त्र. दोघांनाही बलूनचे वेड लागले ते तरुणपणीच, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात दोघांनी स्विस सैन्याच्या बलून पथकात कामही केले. जाँ पुढे अमेरिकेत गेले. ऑगस्त १९२२ साली ब्रसेल्सला प्राध्यापक झाले आणि पुढची बरीच वर्षे तिथेच राहिले.

उडणारा प्राध्यापक म्हटले की विक्षिप्त, अर्धवट संशोधक अशी एक मूर्ती डोळ्यांपुढे येते. पिकार तसे अजिबात नव्हते. १९२७ साली ब्रसेल्समध्ये भरलेल्या सोल्व्हे परिषदेचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. आपल्याकडेही पदार्थविज्ञानाची आवड असलेल्या घरांतून आणि महाविद्यालयांतून ते भिंतीवर दिसते. पुढच्या रांगेत मधोमध आइन्स्टाइन, शेजारी लोरेंट्झ, पलीकडे मादाम क्यूरी, मागे बोर, हायझेनबर्ग, श्रोडिंगर. त्या छायाचित्रात मागच्या रांगेच्या अगदी डाव्या टोकाला जो उंच माणूस उभा आहे, तो म्हणजे ऑगस्त पिकार.  चुंबकत्वावर त्यांनी महत्त्वाचे काम केले होते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा पाया ज्या प्रयोगाशी जोडला जातो, तो मायकेलसनचा प्रकाशाचा प्रयोग १९२६ साली त्यांनी चक्क बलूनमध्ये नेऊन करून पाहिला आणि नंतर रिगी पर्वतावर पुन्हा केला. जमिनीवर मिळालेले उत्तर उंचीवर बदलते काय, हे त्यांना पाहायचे होते. ते बदलले नाही.

त्यांना वर जायचे होते ते विक्रमासाठी नव्हे, विश्वकिरणांसाठी. आकाशातून पृथ्वीवर सतत एक अदृश्य मारा होत असतो, आणि जसजसे वर जावे तसतसा तो वाढतो, हे व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून दाखवून दिले होते. हे किरण येतात कुठून, असतात कसले? हवेचे दाट पांघरूण मध्ये असताना ते नीट कळणार नव्हते. (आपल्या होमी भाभांचे सुरुवातीचे नाव झाले तेही याच किरणांवरच्या संशोधनामुळे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने याच वाटेने जाऊन हैदराबादला बलून सोडण्याचे केंद्र उभारले.) पांघरुणाचा नऊ-दशांश भाग खाली टाकायचा तर किमान पंधरा-सोळा किलोमीटर वर जायला हवे, असा पिकार यांचा हिशेब होता.

पण पंधरा किलोमीटरवर माणूस जगणार कसा? १८७५ साली फ्रान्समध्ये झेनिथ नावाच्या बलूनमधून तिघे वर गेले, आठ हजार मीटरच्या आसपास शुद्ध हरपली आणि तिघांपैकी एकटा जिवंत परतला. १९२७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे कॅप्टन हॉथॉर्न ग्रे उघड्या पाळण्यात बसून प्राणवायूच्या नळकांड्यांनिशी जवळजवळ तेरा हजार मीटरपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी पाळण्यात त्यांचा मृतदेह मिळाला. तोंडाला मुखवटा लावून भागत नाही, कारण फार उंचीवर शुद्ध प्राणवायू मिळाला तरी बाहेरचा दाबच इतका क्षीण असतो की तो रक्तात पुरेसा शिरत नाही.

पिकार यांनी प्रश्न उलटा केला. माणसाला त्या हवेत जगायला शिकवायचे कशाला? त्याच्या सवयीची हवाच एका डब्यात भरून वर न्यावी. आज हे आपल्याला इतके साहजिक वाटते की त्यात कल्पना म्हणून काही आहे हेच लक्षात येत नाही. दिल्लीच्या विमानात बसून आपण अकरा किलोमीटर उंचीवर उपमा खातो, तेव्हा आपण एका हवाबंद डब्यात बसलेलो असतो. १९३० साली अशा डब्यात बसून कुणी एवढ्या उंचीवर गेलेले नव्हते.

गंमत अशी, की हा डबा मुळात आकाशासाठी सुचलेलाच नव्हता. विद्यार्थी असताना एका जर्मन मोहिमेने खोल समुद्रातून काढलेल्या चमत्कारिक प्राण्यांबद्दल पिकार यांनी वाचले, आणि तेव्हाच त्यांच्या मनात आले की मजबूत गोळ्यात बसून, वर तरंगणारे काहीतरी बांधून, माणसाने समुद्राच्या तळाशी जावे. म्हणजे पाण्यातला बलून. तो विचार मनाच्या कोपऱ्यात पडून राहिला. पुढे आकाशात जायची वेळ आली तेव्हा त्यांनी तोच गोळा उलट्या दिशेला पाठवला.

बिअरचे पिंप बनवणाऱ्यांचे यान

पैसा दिला तो बेल्जियमच्या एका वैज्ञानिक निधीने. राजे आल्बर्ट यांनी उद्योगपतींना आणि धनिकांना आवाहन केले होते की देशातले शास्त्रज्ञ पैशावाचून अडता कामा नयेत. त्यातून १९२८ साली हा निधी उभा राहिला. सैन्य नाही, तोफांचा कारखाना नाही, शत्रूवर नजर ठेवण्याचा हेतू नाही. निधीच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे घेऊन बलूनचे नाव पडले एफएनआरएस. गोळा बनवण्याचे काम गेले बिअरची ॲल्युमिनियमची पिंपे बनवणाऱ्या कारखान्याकडे. पत्र्याची जाडी साडेतीन मिलिमीटर. आपल्या घरातल्या जाड बुडाच्या पातेल्याएवढीच म्हणा ना. आतला प्राणवायू द्रवरूपात न्यायचा आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषून घ्यायचा, ही पाणबुड्यांमध्ये रुळलेली पद्धत त्यांनी उचलली.

अर्धवट फुगवलेल्या बलूनमागेही असाच साधा विचार होता. वर जावे तसा बाहेरचा दाब कमी होतो आणि आतला वायू पसरतो. जमिनीवरच पिशवी गच्च भरली तर वर जाऊन तो वायू वायाच जाणार. म्हणून खाली थोडाच भरायचा आणि वरच्या विरळ हवेत त्याला आपोआप फुगू द्यायचे.

पहिला प्रयत्न १४ सप्टेंबर १९३० रोजी झाला. म्हणजे झालाच नाही. वाऱ्यामुळे बलून उडेचना. जमलेली गर्दी घरी गेली आणि वर्तमानपत्रांना चेष्टेला विषय मिळाला. पिकार यांनी ती चेष्टा ऐकून घेतली, हिवाळा जाऊ दिला आणि मे महिन्यात पुन्हा ऑग्सबुर्ग गाठले.

आता पुन्हा त्या गोळ्यात जाऊ. अर्ध्या तासात बलून पंधरा हजार मीटरच्या वर पोहोचला होता. खिडकीबाहेर आकाश निळे राहिले नव्हते. जांभळट, जवळजवळ काळे झाले होते. खाली पृथ्वी कडा वर उचललेल्या थाळीसारखी दिसत होती. इतक्या उंचीवर जाऊन हे दृश्य पाहणारी आणि ते सांगायला परत येणारी ही पहिली दोन माणसे.

पण दृश्य पाहायला सवड कुठे होती? खाली उतरायचे तर बलूनच्या माथ्यावरची झडप उघडून हायड्रोजन सोडावा लागतो. त्या झडपेची दोरी दुसऱ्या एका दोरीत गुंतली होती. आतली कळ फिरवून ओढायला गेले तर ती तुटलीच. आता उतरणे त्यांच्या हातात उरले नाही. सूर्य वर होता तोवर हायड्रोजन तापलेलाच राहणार, आणि तापलेला बलून खाली येणार नाही. संध्याकाळ होईपर्यंत वाट पाहायची आणि तोवर प्राणवायू पुरेल अशी आशा करायची, एवढेच हाती होते.

त्यातच गोळा फिरवणारी मोटर बिघडली. अर्धी बाजू काळी आणि अर्धी पांढरी रंगवण्यामागे युक्ती होती. थंडी वाजली की काळी बाजू सूर्याकडे, उकडले की पांढरी. मोटर बंद पडली तेव्हा काळी बाजू सूर्यासमोर येऊन बसली. बाहेर शून्याखाली पन्नासच्याही पलीकडची थंडी, आणि आत पारा चाळीस अंशांकडे चढलेला! भर मे महिन्यात नागपूरला पत्र्याच्या खोलीत बसावे तशी त्यांची अवस्था झाली. प्यायला पाणी अगदी थोडे होते. सावलीतल्या भिंतीवर श्वासातली वाफ गोठून थेंब जमत होते, ते टिपून दोघांनी घसा ओला केला.

आणखी एक प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे. एक बॅरोमीटर फुटला आणि त्यातला पारा जमिनीवर सांडला. पारा ॲल्युमिनियमला खातो, हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या मुलाला कुणी सांगायला नको होते. पत्रा साडेतीन मिलिमीटरचा, पलीकडे पोकळी. पिकार यांनी रबराची एक नळी घेतली आणि तिचे एक टोक बाहेर उघडणाऱ्या तोटीला जोडले. बाहेरच्या पोकळीनेच तो पारा खेचून घेतला. जी पोकळी जीव घ्यायला टपली होती, तिच्याकडूनच केर काढून घेतला म्हणायचा.

तोवर खाली पृथ्वीवर त्यांचे मरण जवळजवळ जाहीर झाले होते. बलून आल्प्स पर्वतावर भरकटतो आहे, दुपार उलटली तरी उतरत नाही, म्हणजे आतली माणसे गेली, असा तर्क बातम्यांतून फिरत होता. ब्रसेल्समध्ये त्यांची पत्नी मुलांना घेऊन वाट पाहत होती. आपल्या घरातले माणूस तासाभराने उशिरा आले तर आपण दहादा गॅलरीत जातो. या बाईंनी तो दिवस कसा काढला असेल?

सूर्य कलला, वायू थंडावला आणि बलून उतरू लागला. साडेचार हजार मीटरवर दारे उघडून दोघांनी मोकळी हवा घेतली. रात्री नऊच्या सुमारास, चंद्रप्रकाशात, तो गोळा बर्फावर आदळून थांबला. कुठे उतरलो हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ती ऑस्ट्रियातल्या ओबरगुर्गल गावावरची हिमनदी होती. बलूनच्या कापडात स्वतःला गुंडाळून त्यांनी रात्र काढली. सकाळी बर्फातल्या भेगा चुकवत पायी खाली उतरू लागले तेव्हा शोधायला निघालेले गावकरी वाटेत भेटले. तो गोळा जवळजवळ वर्षभर बर्फातच पडून होता. आजही ओबरगुर्गलमध्ये या उतरण्याचे स्मारक आहे.

गाठलेली उंची भरली १५,७८१ मीटर. एवढ्या उंचीवर सहलीला जाऊन आल्यासारखे, साध्या कपड्यांत, माणूस परत आला होता. खरे सांगायचे तर त्या दिवशी विश्वकिरणांची मोजमापे फारशी झालीच नाहीत. भोके बुजवण्यातच दिवस गेला. पण हवाबंद खोली चालते हे सिद्ध झाले, आणि त्याची किंमत मोजमापांहून मोठी होती.

किती मोठी, याचा एक दाखला. २१ जून २००४ रोजी कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटावर स्पेसशिपवन नावाचे छोटेसे यान शंभर किलोमीटरची सीमा ओलांडून अंतराळात गेले आणि सुखरूप परतले. माणूस घेऊन अंतराळात गेलेले ते पहिले खासगी यान. बांधणारे बर्ट रुटान, पैसा पॉल ॲलन यांचा, चालक माइक मेलव्हिल, वय ६३. वर पोहोचल्यावर या गृहस्थांनी खिशातून रंगीबेरंगी चॉकलेटच्या गोळ्या काढून हवेत सोडल्या आणि त्या तरंगताना पाहत बसले. त्यांच्या अंगात अंतराळपोशाख नव्हता. यानाची कुपी हवाबंद, खिडक्या छोट्या आणि गोल. यानाला विमानाखाली लटकवून ज्या उंचीवरून सोडले ती साधारण १४,४०० मीटर होती. म्हणजे रॉकेट पेटवण्यासाठी स्पेसशिपवन जिथे पोहोचले, त्याच्याही वर पिकार ७३ वर्षांपूर्वी टोपली घालून बसले होते.

टिनटिनचा प्राध्यापक

पिकार रातोरात प्रसिद्ध झाले. ब्रसेल्समध्ये एर्जे नावाचा एक तरुण चित्रकार राहत होता. लांब मानेचा, उडालेल्या केसांचा, लांब कोट घातलेला हा प्राध्यापक त्याने रस्त्यात पाहिला होता. पुढे टिनटिनच्या चित्रकथांतला प्रोफेसर कॅल्क्युलस जन्मला तो यातूनच. आमच्या घरातल्या मुलांनी टिनटिनची पुस्तके वाचून वाचून फाडली, पण कॅल्क्युलसचा मूळ पुरुष खरोखरच होता हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. एर्जेने एकच बदल केला. प्राध्यापकाला बुटका केला, नाहीतर चित्रांच्या चौकटी मोठ्या कराव्या लागल्या असत्या! हा कॅल्क्युलस कथेत पहिल्यांदा येतो तो पाणबुडी घेऊन, आणि नंतर टिनटिनला चंद्रावर नेतो. खऱ्या पिकार यांच्या पाणबुडीचे काम त्या वेळी युद्धामुळे अडून पडले होते.

१८ ऑगस्ट १९३२ रोजी पिकार पुन्हा उडाले, या वेळी झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फहून, माक्स कोसिन्स या सहायकाला घेऊन. मागच्या उकाड्याचा धडा घेऊन त्यांनी सबंध गोळा पांढरा रंगवला होता, तर आत शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत थंडी पडली आणि दोघे कुडकुडत राहिले. १६,२०० मीटर गाठून ते इटलीत उतरले. किरणांची मोजमापे या खेपेला झाली.

मग शर्यत लागली. रशिया, अमेरिका, जो तो गोळे बनवू लागला. ३० जानेवारी १९३४ रोजी रशियाचा एक बलून बावीस हजार मीटरवर गेला; उतरताना गोळा बलूनपासून निखळला आणि तिघेही ठार झाले. हे मरण पिकार यांच्या कल्पनेच्या पदरात टाकता येणार नाही, पण कुणीतरी दार उघडले की आत शिरणाऱ्यांची घाई आवरणे त्याच्या हातात राहत नाही.

अमेरिकेतल्या जुळ्या भावानेही त्याच वर्षी उड्डाण केले, आणि बलूनची चालक होती त्यांची पत्नी जेनेट. तीन मुलांच्या आईला असे वर पाठवायला पैसे देणारे तयार होईनात, तरी तिने रीतसर परवाना काढला आणि २३ ऑक्टोबर १९३४ रोजी नवऱ्याला घेऊन साडेसतरा हजार मीटरवर गेली. बरोबर पाळलेले एक कासवही होते. पुढे १९७४ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, चर्चचा विरोध पत्करून धर्मोपदेशकाची दीक्षा घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत ती होती. पिकारांच्या घरात सुनासुद्धा अशा होत्या.

ऑगस्त मात्र त्या शर्यतीत राहिले नाहीत. त्यांना आता विद्यार्थिदशेतला तो पाण्यातला बलून खुणावत होता. हायड्रोजनच्या जागी पेट्रोल, कारण ते पाण्याहून हलके आणि दाबाने फारसे आकसत नाही. वाळूच्या पोत्यांच्या जागी लोखंडाचे छर्रे, विद्युतचुंबकाने धरून ठेवलेले. वीज गेली तर छर्रे आपोआप सुटणार आणि गोळा वर येणार. १९३१ ची ती तुटलेली दोरी ते विसरले नसावेत! गोळा मात्र पोलादाचा, नऊ सेंटिमीटर जाड. आकाशात आतला दाब बाहेर पडू पाहतो, समुद्रात बाहेरचा आत घुसू पाहतो, एवढाच काय तो फरक.

युद्धाने हे काम लांबले. १९४८ साली आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द बेटांजवळ पहिली चाचणी झाली. माणसाशिवाय यान १,३८० मीटर खोल गेले आणि वर आले, पण लाटांनी पेट्रोलची टाकी मोडली. पुन्हा चेष्टा. पुढे ते काम फ्रेंच नौदलाकडे गेले आणि पिकार यांचे तिथे जमेना. साठी उलटलेला माणूस अशा वेळी आठवणी लिहायला बसला असता. यांनी इटलीतल्या त्रिएस्ते शहराची मदत घेऊन नवे यान बांधले आणि त्याला त्या शहराचेच नाव दिले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी पोन्झा बेटाजवळ, वयाच्या ६९ व्या वर्षी, ते आपला मुलगा जाक याला बरोबर घेऊन ३,१५० मीटर खोल तळाच्या चिखलावर जाऊन बसले. तिथे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीनशे किलोंच्या वर असतो. तोवर एवढ्या खोल कुणी गेलेले नव्हते. वर आणि खाली, दोन्हीकडचा विक्रम एकाच माणसाच्या नावावर लागला होता.

१९५८ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने त्रिएस्ते विकत घेतले. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि लेफ्टनंट डॉन वॉल्श त्यातूनच मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ अकरा किलोमीटर खोल, उतरले. वाटेत बाहेरच्या एका खिडकीला तडा गेल्याचा मोठा आवाज झाला, तरी ते थांबले नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये ७५ वर्षांच्या बापाला ही बातमी कळली.

पुढच्या वर्षी, १२ एप्रिल १९६१ ला, युरी गागारिन एका हवाबंद गोळ्यात बसून पृथ्वीची प्रदक्षिणा करून आले. तो खरोखरच गोळा होता, पिकार यांच्या गोळ्याहून थोडा मोठा. तीन आठवड्यांनी ॲलन शेपर्ड पंधरा मिनिटे अंतराळाला शिवून परतले. हे सारे पाहून ऑगस्त पिकार २४ मार्च १९६२ रोजी लोझान येथे वारले.

जाक यांचा मुलगा बर्ट्रां. त्याने १९९९ च्या मार्चमध्ये ब्रायन जोन्सबरोबर बलूनमधून न थांबता पृथ्वीला फेरी घातली, तीही हवाबंद कुपीत बसून. त्यानंतर त्याने सौरऊर्जेवर चालणाऱ्या विमानाचा ध्यास घेतला. १० मार्च २०१५ रोजी रात्री ते विमान मस्कतहून अहमदाबादला उतरले तेव्हा चालकाच्या एकुलत्या आसनावर बर्ट्रां पिकारच होता. वजन वाचवण्यासाठी त्या विमानाची खोली हवाबंद केलेली नव्हती. उंचीवर गेला की आजोबांचा हा नातू तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावून बसत असे.